अद्भुतरम्य महाकादंबरीचा परिसर कसा घडवावा: गोव्याच्या खाजनभूमीच्या आधाराने

अद्भुतरम्य महाकादंबरी लिहायला घेणारा मराठी लेखक बहुधा आधी नायकाचा, मग खलनायकाचा आणि त्यानंतर युद्धाचा विचार करतो. परिसर ही 'वर्णनाची बाजू' समजून तो शेवटासाठी राखून ठेवतो. या क्रमाचा परिणाम हस्तलिखितात लगेच दिसतो. राज्य बर्फाच्या डोंगरांत असते, किल्ला काळ्या दगडाचा असतो, अरण्य घनदाट असते, आणि या तिन्ही गोष्टी बदलल्या तरी कथानकातले एक पानही बदलावे लागत नाही. वास्तववादी कादंबरीत हा दोष काही प्रमाणात झाकला जातो, कारण म्हापशाच्या बाजाराचे नाव घेतले की वाचक उरलेला बाजार स्वतःच्या आठवणीतून उभा करतो. काल्पनिक देशाच्या बाबतीत वाचकापाशी अशी कोणतीही शिदोरी नसते. तिथला पाऊस, तिथले कर, तिथले रस्ते, देव आणि भीती हे सारे लेखकालाच पुरवावे लागते.

या लेखात मांडलेली पद्धत एका विश्वासावर उभी आहे. महाकादंबरीतला संघर्ष परिसरातून उगवला पाहिजे. तो बाहेरून आणून परिसरावर ठेवता येत नाही. त्यासाठी एक नैसर्गिक नियम निवडायचा आणि त्याच्यापासून काम, कायदा, श्रद्धा, भाषा, प्रवास आणि शेवटी युद्ध, असे एकेक पाऊल पुढे जायचे. उदाहरण म्हणून आपण एक काल्पनिक देश घडवत जाऊ. त्याचे नाव सातखाजन. तो गोव्याच्या नद्यांकाठच्या भूमीवरून सुचलेला आहे, पण तो गोवा नाही, आणि हा फरक शेवटपर्यंत सांभाळायचा आहे.

पहिली पायरी: एक नैसर्गिक नियम निवडावा

नकाशा काढण्याची घाई करू नये. आधी असा एक नियम शोधावा, जो त्या देशातल्या राजापासून गुराख्यापर्यंत कोणालाही टाळता येणार नाही. वाळवंटात तो पाण्याचा असेल, उंच पठारावर तो हिवाळ्याचा असेल. गोव्याच्या नदीमुखांच्या प्रदेशात तो भरती-ओहोटीचा आहे.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि तिची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. मांडवी आणि जुवारी या नद्यांमध्ये समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर कित्येक किलोमीटर आत शिरते. या नद्यांच्या काठी पूर्वजांनी खारफुटीच्या दलदली बांध घालून लागवडीखाली आणल्या. हीच खाजनभूमी. तिची पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते, म्हणजे तिथे भात पिकवणारा शेतकरी दररोज दोन वेळा नदीच्या पातळीखाली उभा असतो.

ही व्यवस्था लेखकाने जवळून पाहावी, कारण तिच्यातला प्रत्येक भाग कथेच्या उपयोगाचा आहे. बांध मातीचा आणि चिखलाचा असतो, त्यात पेंढा घातलेला असतो आणि पाण्याच्या अंगाला जांभा दगड रचलेला असतो. बांधाच्या बाहेर खारफुटी राखून ठेवतात, कारण लाटांचा पहिला मार ती झेलते. बांधामध्ये मानस, म्हणजे पाण्याचे दार, असते. हिला लाकडी झडपा असतात आणि त्या नदीच्या बाजूला उघडतात. भरती चढू लागली की बाहेरचे पाणी झडपांना दाबून धरते आणि दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पोंयमधले, म्हणजे मानशीमागच्या तळ्यातले, पाणी झडपांना ढकलते आणि साठलेले पावसाचे पाणी नदीत निघून जाते. कोणी पहारेकरी उभा नसला तरी हे दार दिवसातून दोनदा मिटते आणि दोनदा उघडते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात आणि ती धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. शेतात कोरगूट हे भात लावतात, कारण ते मिठाचा थोडाफार अंश सोसते. मात्र बांध फुटून खारे पाणी शेतभर पसरले, तर त्या हंगामाचे पीक जातेच, शिवाय पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन पूर्ववत होत नाही.

आपल्या सातखाजनात हाच नियम आपण थोडा ताणू. तिथे सगळा देशच भरतीच्या पातळीखाली आहे. सात मोठे बांध आहेत, एकेका बांधामागे एकेक महाल, म्हणजे कारभाराचा विभाग, आहे, आणि सातही बांध एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका महालाचा हलगर्जीपणा उरलेल्या सहा महालांना बुडवू शकतो. कादंबरीचे बीज या एका वाक्यात आले आहे. अजून नायक नाही, खलनायक नाही, तरी शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याचे कारण तयार झाले आहे.

नियम योग्य निवडला आहे की नाही हे तपासण्यासाठी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. या नियमामुळे माणसांची झोपायची आणि उठायची वेळ बदलते का? या नियमामुळे एखादे काम अपरिहार्य होते का? तो मोडल्यास नुकसान कोणाचे होते? आणि तो राजालाही लागू होतो का? चारांपैकी दोन उत्तरे डळमळीत असतील, तर तो नियम केवळ हवामानाचा तपशील आहे असे समजून दुसरा शोधावा.

दुसरी पायरी: दुरुस्ती कोण करतो, हे ठरवावे

काल्पनिक राज्याची सत्ता सहसा सिंहासन, मुकुट आणि दरबार यांतून दाखवली जाते. माझ्या मते सत्तेचा खरा पत्ता 'मोडलेली वस्तू कोण नीट करतो आणि त्याचा खर्च कोण देतो' या प्रश्नाच्या उत्तरात असतो. खाजनाच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही.

गोव्यात गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी गावकरी ही संस्था पोर्तुगीजांच्या आधीपासून होती. १५२६ साली पोर्तुगीजांनी तिसवाडीतील गावकरीचे रूढ नियम लेखी नोंदवून घेतले. जमिनीचे भाग लिलावाने कसायला देणे, उत्पन्नातून देवस्थानाचा आणि गावच्या सेवेकऱ्यांचा वाटा काढणे, बांधांची निगा राखणे आणि उरलेल्यातून गावकऱ्यांना त्यांचा वाटा देणे, असा तिचा कारभार असे. या व्यवस्थेचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, कारण शेकडो वर्षे तिने समुद्राला शेताबाहेर ठेवले. परंतु कादंबरीकाराने तिच्यातली दुसरी बाजूही तेवढ्याच लक्षपूर्वक पाहावी. गावकरीचा हक्क वंशपरंपरेने आणि पुरुषांच्या शाखेतून जात असे. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या अनेकांना त्या बांधाविषयीच्या निर्णयात बोलण्याचा अधिकार नव्हता.

सातखाजनाची नायिका मला या फटीत सापडते. तिचे नाव केवडी. तिची आई मानस राखत होती, आता ती राखते. झडपेच्या लाकडात किडा कुठे लागला आहे हे तिला हाताने चाचपून कळते, पण महालाच्या सभेत ती बसू शकत नाही. ज्याला सर्वांत जास्त कळते त्याला सर्वांत कमी विचारले जाते, ही स्थिती परिसराच्या व्यवस्थेतून आपोआप आली. नायिकेवर अन्याय दाखवण्यासाठी एखादा क्रूर सावत्र काका निर्माण करावा लागला नाही.

या पायरीवर लेखकाने कागदावर एक साधी नोंद करावी. पाणी, रस्ता, धान्य आणि इंधन या चार गोष्टी कोणाच्या ताब्यात आहेत, त्यांची निगा कोण राखतो, आणि त्यांचा लाभ कोणाला होतो, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहावे. जिथे ताबा, निगा आणि लाभ ही तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या माणसांची येतील, तिथे कादंबरीची प्रकरणे आहेत.

तिसरी पायरी: नकाशाआधी उभा छेद काढावा

आता नकाशा काढता येईल, पण त्याआधी समुद्रापासून डोंगरापर्यंत देशाचा उभा छेद काढावा. गोव्याची पूर्व-पश्चिम रुंदी जेमतेम ६०-६५ किलोमीटर आहे, आणि तेवढ्यात वाळूचा किनारा, खाडी, खाजन, मिठागरे, दरीतली सुपारी-नारळाची कुळागरे, जांभ्या दगडाचे उघडे सडे, अरण्य आणि सह्याद्रीची भिंत हे सगळे येऊन जाते. प्रत्येक पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्या पट्ट्यातल्या माणसाची गरज असते. पूर्वी मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे आणि घाटावरचे धान्य खाली उतरत असे. छेद काढला की कोणाकडे काय आहे आणि कोणाकडे काय नाही हे एका नजरेत दिसते. सपाट नकाशात ते दिसत नाही.

अंतरे मैलांत लिहू नयेत, वेळेत लिहावीत, आणि एकाच वाटेसाठी निदान तीन वेळा लिहाव्यात: उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती आणि ओझे घेऊन किती. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जी नदी एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्यातून ओलांडता येते, ती जुलैमध्ये दोन गावांना महिनाभर एकमेकांपासून तोडू शकते. अशा देशात सेनापतीला कॅलेंडर पाहिल्याशिवाय आज्ञा देता येणार नाही, प्रेमिकांना भेटीचा दिवस मनाने ठरवता येणार नाही, आणि मरणाची बातमी उशिरा पोहोचणे हा योगायोग राहणार नाही.

इतिहासात याची उदाहरणे भरपूर आहेत. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने मांडवीतील जुवे बेटावरचा किल्ला घेतला तो रात्री, ओहोटीची वेळ साधून. पाणी उतरलेले असताना जे बेट पायदळाच्या आवाक्यात येते, तेच भरतीच्या वेळी पुन्हा बेट होते. युद्धाचा प्रसंग लिहिताना योद्ध्यांच्या शौर्याला असा काळाचा चाप बसला की वर्णनातली अर्धी विशेषणे अनावश्यक होतात.

चौथी पायरी: जमिनीखालचे थर द्यावेत

नवोदित लेखकाचा काल्पनिक देश अनेकदा पहिल्या प्रकरणाच्या आदल्या दिवशी निर्माण झाल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण सुरुवातीला पाच हजार वर्षांचा इतिहास सांगणारे प्रकरण घालतात. ते टाळावे. भूतकाळ वाचकाला पायाखाली लागला पाहिजे, म्हणजे पात्राला चालताना त्याची ठेच लागली पाहिजे.

गोव्यात हे थर जागोजागी उघडे पडलेले आहेत. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर बैलांच्या आणि इतर प्राण्यांच्या आकृती व वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेले आहेत; १९९३ साली ते अभ्यासकांसमोर आले, तोवर नदीचा गाळ आणि माती त्यांच्यावर पसरलेली होती. तांबडी सुर्ल येथे अरण्याच्या कुशीत कदंब राजांच्या काळातले महादेवाचे मंदिर काळ्या बेसाल्टमध्ये उभे आहे, आणि भोवतीची बहुतेक भूमी जांभ्याची असल्यामुळे तो दगड पाहताच 'हा इथे कोणी आणि कोणत्या वाटेने आणला' हा प्रश्न मनात येतो. कदंबांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, इथून जुवारीकाठच्या गोपकपट्टणाला गेली. पुढे मांडवीकाठचे जुने गोवे वैभवाला पोहोचले आणि रोगराईने ओस पडले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. राजधानी एका नदीवरून दुसऱ्या नदीवर सरकते आणि प्रत्येक वेळी मागे एक रिकामी जागा ठेवून जाते.

यापेक्षाही मोठा, आणि मला सतत अस्वस्थ करणारा थर देवांच्या स्थलांतराचा आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या महालांत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आजही अनेक कुटुंबांचे मूळ गाव नदीच्या एका तीरावर आणि कुलदैवत दुसऱ्या तीरावर असते. एखाद्या महाकादंबरीला यापेक्षा अधिक सबळ प्रेरणा कोणती हवी? नदी ओलांडणे हे तिथे कायमचे दुखणे आणि कायमचे व्रत होऊन बसते.

सातखाजनासाठी आपण तीन थर घेऊ. सर्वांत खाली बांधांच्याही आधीचे लोक, ज्यांनी खडकावर लाटांच्या खुणा कोरल्या. त्यावर बांध घालणारे पूर्वज. त्यावर आजचे महाल, जे स्वतःला त्या पूर्वजांचे वारस म्हणवतात. आता नियम असा करावा की वरच्या थरातली माणसे खालच्या थराचा अर्थ चुकीचा लावतात. महालाचे पुरोहित खडकावरच्या खुणांना देवाची पावले समजून फुले वाहतात. प्रत्यक्षात ती त्या काळातल्या सर्वोच्च उधाणाची पातळी आहे, आणि आजचे बांध तिच्यापेक्षा बुटके आहेत. हे रहस्य उलगडायला कोणत्याही भविष्यवाणीची गरज पडत नाही. मोजणारे कोणीतरी लागते, आणि केवडीला मोजता येते.

पाचवी पायरी: अद्भुताला पत्ता आणि किंमत द्यावी

जादू कुठेही आणि कितीही चालत असेल तर परिसर निरर्थक होतो, म्हणून अद्भुताला हद्द असावी. गोव्याच्या लोकश्रद्धांमध्ये ही हद्द अतिशय स्पष्ट आहे. गावचा राखणदार त्या गावच्या सीमेपुरता राखणदार असतो. सातेरीचे रूप वारुळात पाहिले जाते, म्हणजे देवी त्या जमिनीतून वर आलेली असते. बेताळ रात्री गावात फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा अर्पण करतात. झिजलेल्या वहाणेच्या या एका तपशिलात अलौकिक शक्तीचे वजन, तिचा रस्ता आणि तिचे कष्ट हे सगळे आले आहे. शंभर ओळींच्या मंत्रोच्चाराने जे साधत नाही ते इथे साधते. सत्तरीतल्या केरी येथील आजोबाच्या राईसारख्या देवरायांत देवाच्या धाकाने झाडे राखली गेली, म्हणजे श्रद्धेने परिसराचे रूपही घडवले.

इथे एक सूचना आवर्जून करतो. ही जिवंत श्रद्धास्थाने आहेत. आज ज्याच्यापुढे कोणी नारळ ठेवतो, त्या देवाला नाव न बदलता राक्षस किंवा शस्त्र म्हणून कथेत उभे करू नये. त्या श्रद्धेची रचना अभ्यासावी, तिच्यातला तर्क घ्यावा आणि त्यातून आपल्या देशाचे स्वतंत्र दैवत घडवावे.

सातखाजनात मिठागरे आहेत, तेव्हा तिथली जादू मिठाची असावी. खाल्ल्या मिठाला जागणे ही तिथे शब्दशः घडणारी गोष्ट आहे. महालात शिरणाऱ्याला वेशीवर त्या महालाच्या मिठाचा खडा खायला देतात, आणि मग त्या महालाचा बांध त्याची पावले ओळखतो. द्रोह करणाऱ्याच्या पायाखाली बांध मऊ पडतो. आता नैसर्गिक नियमाने या शक्तीला मर्यादा घालू. मीठ उन्हाळ्यात, पौषापासून वैशाखापर्यंतच पिकते. पावसाळ्यात मिठागरे बुडतात. म्हणून शपथेचे बळ पहिल्या पावसापासून हळूहळू उतरत जाते आणि दरवर्षी नवे मीठ खावे लागते. फितुरीसाठी श्रावण-भाद्रपदाइतका सोयीचा काळ नाही, पण सैन्य हलवण्यासाठी त्याइतका वाईट काळही नाही. शत्रूला या दोहोंतून निवड करावी लागेल, आणि ती निवड हाच कथानकाचा मधला भाग.

नावे आणि बोली

हा भाग थोडक्यात सांगतो. एका देशातली नावे एकाच मातीतली वाटली पाहिजेत; एका गावाचे नाव संस्कृतप्रचुर, दुसऱ्याचे युरोपीय आणि तिसऱ्याचे अक्षरांची उलथापालथ करून बनवलेले असेल तर वाचकाचा विश्वास उडतो. गावांची नावे झाड, पाणी, खडक आणि व्यवसाय यांवरून घ्यावीत. पात्रांच्या तोंडी वेळेची भाषाही त्या देशाची असावी. केवडीच्या गावात कोणी 'तासाभराने ये' म्हणणार नाही. 'पाणी दुसऱ्या खिळ्याला लागले की ये' असे म्हणेल, आणि दहा पानांनंतर वाचकही खिळे मोजू लागेल.

सहावी पायरी: वर्णन कामातून करावे

एवढी तयारी झाल्यावर ती सगळी पानावर ओतण्याचा मोह होतो. तो आवरण्याचा मार्ग म्हणजे पात्राला परिसरात कामाला लावणे. पुढील दोन मसुदे पाहावेत. पहिला असा:

'सूर्य मावळत होता. नदीचे पाणी सोनेरी झाले होते. दूरवर हिरवीगार शेते पसरली होती आणि बांधावरून गार वारा वाहत होता. केवडी बांधावर उभी राहून आपल्या गावाकडे पाहत होती.'

दुसरा असा:

'भरती लागून घटका झाली होती, तरी झडप पुरती मिटली नव्हती. फळी आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांची फट राहिली होती. केवडीने आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले. खारट. तिने काठी खाली सरकवली. तळाशी काहीतरी मऊ अडकले होते. अमावास्या परवावर आली होती. परवाचे पाणी याहून हातभर वर चढणार, हे बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होते, आणि तरी कोणी उठत नव्हते, कारण मानशीला पहिला हात लावणाऱ्याच्या नावावर दुरुस्तीचा खर्च पडायचा.'

पहिल्या मसुद्यात चुकीचे काही नाही, पण तो कोणत्याही नदीकाठी चालेल. दुसऱ्यात संध्याकाळचा रंग नाही, तरीही जागा दिसते, कारण केवडी तिथे काहीतरी तपासते आहे. मानस कशी चालते, तिथला कायदा कसा आहे, चंद्र कुठे आहे आणि उद्या काय होऊ शकते हे सगळे वाचकाला कळते, शिवाय तळाशी काय अडकले आहे या प्रश्नाने तो पान उलटतो. दर्शनी सौंदर्याचे वर्णन करू नये असे मला म्हणायचे नाही. ते बाहेरून आलेल्या पात्राच्या डोळ्यांना द्यावे. घाटावरून उतरलेला सरदार खाजनाकडे पाहतो तेव्हा त्याला हिरवा गालिचाच दिसेल. तिथे राहणाऱ्या बाईला त्याच हिरव्यातला पिवळा पडत चाललेला कोपरा दिसेल. दोघांना एकाच बांधावर उभे केले की परिसराचे वर्णन आणि पात्रांमधले अंतर ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

वास, स्पर्श आणि आवाज यांच्याकडे मराठी गद्यात थोडे दुर्लक्ष होते. उघड्या पडलेल्या चिखलाचा वास, जांभ्याच्या चिऱ्याचा खरखरीतपणा, सड्यावर पडणाऱ्या पावसाचा आणि कुळागरातल्या पोफळींवर पडणाऱ्या पावसाचा वेगळा आवाज, यांची नोंद प्रत्यक्ष तिथे जाऊनच करावी.

सातवी पायरी: परिसराला निर्णायक प्रसंगासाठी तयार करावे

महाकादंबरीच्या उत्कर्षबिंदूला परिसराने निर्णायक काम करावे अशी अपेक्षा असते. ते पटण्यासाठी त्याची यंत्रणा वाचकाला आधीच पूर्णपणे कळलेली असली पाहिजे, अन्यथा शेवटचा पूर हा लेखकाने ऐनवेळी सोडलेला पूर वाटतो. म्हणून मानस निदान तीन वेळा दाखवावी. पहिल्यांदा एखाद्या सामान्य दिवशी, जेव्हा ती नीट चालते आणि लोक तिच्या तोंडाशी मासे धरत असतात. दुसऱ्यांदा ती बिघडते आणि एक छोटे शेत जाते. इथे नुकसान कसे दिसते, भात कसे करपते, कर्ज कोणाच्या डोक्यावर बसते, हे सावकाश दाखवावे, कारण पुढच्या मोठ्या नुकसानीचे मोजमाप वाचक याच शेतावरून करणार आहे. तिसऱ्यांदा शत्रूचे सैन्य बांधाच्या आत उतरलेले असते, उधाणाची रात्र असते, आणि झडपा उघड्या धरल्या तर सैन्य बुडेल, पण सातही महालांची शेती अनेक वर्षांसाठी जाईल.

हा निर्णय कोणी घ्यायचा, याचे उत्तर दुसऱ्या पायरीवर आपण लिहून ठेवलेले आहे. अधिकार सभेचा आहे, पण सभेतल्या कोणालाही वाहत्या पाण्याविरुद्ध झडप उघडी धरता येत नाही. ते फक्त केवडीला येते. लेखकाने या ठिकाणी विजयाचा जल्लोष लिहिण्याची घाई करू नये. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला शेतात उरलेला मिठाचा पांढरा थर आणि बियाण्याच्या कणग्यांभोवती जमलेले लोक यांना एक पूर्ण प्रकरण द्यावे.

आठवी पायरी: हिंडावे, विचारावे आणि वही ठेवावी

गोव्यातल्या लेखकाला या कामासाठी दूर जावे लागत नाही. एकाच बांधावर भरतीला आणि ओहोटीला, उधाणाला आणि भांगाला, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये जाऊन यावे. बांध दुरुस्त करणाऱ्यांशी, मिठागरात राबणाऱ्यांशी बोलावे आणि त्यांनी वापरलेले शब्द त्यांच्याच उच्चारात टिपावेत. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचे मोठे दालन उपलब्ध आहे, आणि गोवा पुराभिलेखात गावकऱ्यांची जुनी मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. ज्याला मोडी वाचता येते त्याने ती संधी दवडू नये. जमिनीच्या आणि बांधाच्या तंट्यांत माणसे कशावरून भांडत होती हे तिथे कळते.

टिपणे कशी ठेवावीत यासाठी आपल्या भाषेतच एक जुना नमुना आहे. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरस्वामींचे वास्तव्य जिथे-जिथे झाले त्या स्थानांच्या नोंदी दिशांसकट आणि बारकाव्यांसकट केलेल्या आहेत. कादंबरीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या जागेसाठी तशीच नोंद करावी: दार कोणत्या दिशेला, पाणी कुठून येते, सकाळी सावली कुठे पडते, त्या जागी यापूर्वी काय घडले आहे आणि तिथे जायला कोणाला मज्जाव आहे.

शेवटी राहते ती सुसंगती. सहाशे-सातशे पानांच्या कादंबरीत पाचव्या प्रकरणात पौर्णिमा आणि पंधराच दिवसांनी सहाव्या प्रकरणात पुन्हा टिपूर चांदणे, असे प्रमाद सहज होतात, आणि भरतीवर उभ्या असलेल्या कथेत ते घातक ठरतात. यासाठी प्रत्येक प्रकरणाच्या कच्च्या प्रतीवर महिना आणि तिथी लिहावी. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा ढोबळ हिशेब असा आहे की तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण भरते, तसेच सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरते. पक्ष बदलला की गणना पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची. प्रकरणाच्या समासात तिथी, भरतीची वेळ, चंद्र उगवण्याची वेळ आणि मिठाच्या शपथेला उलटलेले महिने, अशा चार नोंदी असल्या की कोणत्या रात्री शत्रू नदी ओलांडू शकतो आणि कोणत्या रात्री केवडीला कंदिलाशिवाय मानशीपर्यंत जाता येते, हे प्रत्येक वेळी त्या नोंदींवरूनच ठरवावे, आणि कथानकाची सोय त्यांच्या आड आली तर कथानक बदलावे.